पदरमोडीची सेवा

मिशनरी म्हटले की मराठी वाचकाच्या मनात प्रवचन, शाळा आणि दवाखाना या तीन गोष्टी एकदम येतात, आणि अहमदनगर किंवा मिरजेचा इतिहास पाहता ते स्वाभाविकही आहे. परंतु पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशाच्या राजधानीत, अक्रा येथे, साठी-सत्तरीतील जी अमेरिकी मिशनरी जोडपी काम करताना आढळतात, त्यांच्या दिनक्रमात प्रवचनाला जवळजवळ स्थान नाही. त्यांचा दिवस भाडेकरार, पाण्याचे फिल्टर, निवासपरवान्यांचे अर्ज आणि फाटक्या मच्छरदाण्या यांत जातो. शिवाय या कामाचा त्यांना पगार मिळत नाही एवढेच नव्हे, तर राहण्या-जेवण्याचा खर्चही ते स्वतःच्या पेन्शनमधून भागवतात. गृहनिर्माण संस्थेच्या चिटणीसाला ओळखीचे वाटावे असे हे काम धर्मसेवा म्हणून पत्करले जाते आणि त्यासाठी माणसे पदरमोड करून सातासमुद्रापार येतात, ही विसंगतीच ते जवळून पाहायला भाग पाडते.

ही जोडपी ज्या संस्थेची आहेत तिचे पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे असून १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन झालेल्या या पंथाचे मुख्यालय युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. जग त्यांना मॉर्मन म्हणून ओळखते, मात्र हे नाव वापरू नये असा आग्रह चर्चने २०१८ पासून धरला आहे. पांढरा सदरा, टाय आणि छातीवर काळी नामपट्टी अशा वेषात जोडीजोडीने हिंडणारे तरुण हा या चर्चचा सर्वपरिचित चेहरा असून २०२४च्या अखेरीस अशा तरुण-तरुणींची संख्या ७० हजारांहून अधिक होती. ज्येष्ठ दांपत्यांची व्यवस्था याहून वेगळी आहे. घरी अठरा वर्षांखालील मूल नसलेले, प्रकृती धड असलेले आणि स्वतःचा खर्च झेपणारे नवरा-बायको सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंतच्या मुदतीसाठी अर्ज करतात, आवडीनिवडी कळवतात आणि चर्चच्या सर्वोच्च मंडळाचे नियुक्तिपत्र येईल तेथे जातात. दारोदार फिरून धर्म सांगण्याचे बंधन त्यांच्यावर नसते. नामपट्टी मात्र तीच आणि पदवीही तीच, त्यामुळे एकोणीस वर्षांचा पोरगा आणि सत्तरीचा निवृत्त अभियंता हे दोघेही ‘एल्डर’ म्हणून ओळखले जातात.

घानात तर या चर्चच्या अधिकृत कामाचा आरंभच वृद्ध जोडप्यांच्या हातून झाला, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. जोसेफ विल्यम बिली जॉन्सन या घानाच्या गृहस्थाने चर्चचे साहित्य वाचून १९६४ पासून आपल्या जबाबदारीवर मंडळ्या चालवल्या होत्या. परंतु कृष्णवर्णीय पुरुषांना धर्माधिकार नाकारण्याची सव्वाशे वर्षांची प्रथा आड येत असल्याने मुख्यालयाने त्यांना दीर्घकाळ दाद दिली नव्हती. जून १९७८ मध्ये ती बंदी उठली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात रेंडेल व रेचेल मेबी आणि एडविन व जॅनाथ कॅनन ही दोन दांपत्ये पश्चिम आफ्रिकेत पाठवण्यात आली. रेंडेल मेबी तेव्हा सत्तरीचे होते आणि पूर्वी युटाच्या विधिमंडळात सभापती होते. डिसेंबरात केप कोस्ट येथे समुद्राच्या पाण्यात जॉन्सन आणि त्यांच्या अनुयायांचे बाप्तिस्मे झाले. सव्वाशे वर्षे बंद ठेवलेले दार उघडायला संस्थेने निवृत्तांना धाडले, यात सोय अधिक होती की नम्रता, याविषयी मतभेद असू शकतात. पुढे जून १९८९ मध्ये घाना सरकारने चर्चच्या कामावर बंदी घालून परदेशी मिशनऱ्यांची रवानगी केली आणि नोव्हेंबर १९९० मध्ये ती बंदी मागे घेतली. परदेशी माणसाचे कागदपत्र येथे चोख असलेच पाहिजेत, याची जाण आजही मिशनच्या कार्यालयात दिसते.

‘मिशन’ हा शब्द येथे एका भौगोलिक विभागासाठी वापरला जातो. त्याचा अध्यक्ष तीन वर्षांसाठी सपत्नीक येतो आणि शे-दीडशे तरुण त्याच्या हाताखाली असतात. या तरुणांची निवासस्थाने, वाहने, परवाने, औषधपाणी आणि हिशेब सांभाळणारे हात बहुतांशी ज्येष्ठ दांपत्यांचे असतात. काही जोडपी विहिरी आणि दवाखान्यांसारख्या मानवसेवेच्या कामांवर, काही जुन्या नोंदींच्या जतनावर आणि काही २००४ मध्ये अक्रात उघडलेल्या मंदिरात असतात. सकाळी प्रार्थना, दिवसभर कार्यालय, रविवारी उपासना आणि आठवड्यातला एक दिवस कपडे धुण्यासाठी व बाजारहाटासाठी राखलेला, एवढ्यात कार्यालयीन जोडप्याचा आठवडा संपतो.

लक्ष खिळून राहते ते निवासस्थानांच्या तपासणीवर. हे काम करणारे जे दांपत्य जवळून पाहता आले, त्यातील पतीची हयात पाणीपुरवठा खात्यात गेलेली होती आणि पत्नीने मुले वाढवून शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केली होती. चार तरुणांचा एक फ्लॅट. त्यांपैकी तिघे आफ्रिकी, एक अमेरिकी. दार उघडताच न वाळलेल्या सदऱ्यांचा कुबट वास, त्यात पाम तेलाचा आणि आदल्या रात्री घाईने फिरवलेल्या ब्लीचचा वास मिसळलेला. पती थेट गच्चीवर, ‘पॉलिटँक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीकडे जातो, कारण नळाला रोज पाणी येईलच असे नसते. पत्नी आधी फ्रिज उघडते, दाराच्या रबरी पट्टीवरून बोट फिरवते आणि वीज किती वेळ गेली होती ते विचारते. वीज जाण्या-येण्याला येथे ‘दुमसोर’ म्हणतात आणि पत्नीच्या प्रश्नाचे उत्तर मुलांच्या चेहऱ्यापेक्षा फ्रिजमधल्या भाताच्या वासावरून अधिक खात्रीने मिळते. मग फिल्टरची पांढरी चिनीमातीची कांडी बाहेर निघते. ती साबणाशिवाय, स्वच्छ पाण्याखाली, मऊ ब्रशने घासायची असते आणि हे प्रात्यक्षिक प्रत्येक भेटीत नव्याने करून दाखवावे लागते, कारण तरुणांच्या तुकड्या सतत बदलत असतात.

त्यानंतरची वीस मिनिटे मच्छरदाणीची. हिवतापाच्या मुलखात मच्छरदाणीचे भोक ही किरकोळ बाब नसते, हे तिला कोणी शिकवण्याची गरज नाही. ती पलंगावर गुडघे टेकून जाळी खिडकीच्या उजेडासमोर धरते, बोट शिरेल एवढी भोके शोधते, पिशवीतून सुई-दोरा काढते, भोकाभोवती टाके घालून दोरा ओढून घेते आणि टोक दातांनी तोडते. टाके बारीक आहेत, घाईचे नाहीत. शेजारी उभा असलेला सिएरा लिओनचा तरुण तिला ‘मामा’ म्हणतो आणि पुढची मच्छरदाणी स्वतःच सोडवून आणतो. या साऱ्या वेळात बायबल एकदाही उघडले गेले नाही. आयुष्यभर जे केले तेच येथेही करते आहे, असे ती सांगते ते तक्रारीच्या सुरात नव्हे. तरीही, जी कामे पत्नीच्या वाट्याला घरी आली तीच सेवेच्या नावाने परदेशातही तिच्याच वाट्याला यावीत, हे पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

पतीच्या वाट्याला घरमालक येतात. घानाच्या १९६३च्या भाडे कायद्यानुसार सहा महिन्यांहून अधिक भाडे आगाऊ मागता येत नाही, परंतु अक्रात घरमालक एक किंवा दोन वर्षांचे भाडे एकरकमी मागतात आणि गरजवंताला अक्कल नसते या न्यायाने भाडेकरू ते देतात. मिशनला वर्षभर घरे लागत असल्याने वाटाघाट कधीच संपत नाही. अठरा महिन्यांसाठी आलेला माणूस चोवीस महिन्यांच्या करारावर घासाघीस करतो, आणि ‘अठरा महिने’ हा आकडा त्याच्या बोलण्यात पुन्हापुन्हा येतो: अठरा महिन्यांत घरमालकांची तोंडओळख होते, अठरा महिन्यांत कोणता नळदुरुस्तीवाला वेळेवर येतो ते कळते, आणि ते कळेपर्यंत अठरा महिने संपतात. ज्ञान वहीत उतरवून ठेवले जाते, परंतु जागा घ्यायला दुसरे जोडपे वेळेवर येईलच अशी खात्री नसते. अशा जोडप्यांची गरज नेहमीच पुरवठ्याहून अधिक असल्याचे चर्चचे नेते स्वतःच व्यासपीठावरून सांगत आले आहेत.

डावखुऱ्या पतीला येथे एक सवय कष्टाने मोडावी लागली. घानात डाव्या हाताने वस्तू देणे असभ्य समजले जाते. त्यामुळे किल्ली किंवा पैसे पुढे करताना त्याचा डावा हात निम्म्यावर थबकतो आणि मग उजवा पुढे येतो. मराठी माणसाला हे निराळे सांगायला नको. पाहुण्याला आधी पाणी विचारण्याची घानातील रीतही मराठी घरासारखीच आहे आणि ती या जोडप्याच्या पथ्यावर पडते, कारण चर्चच्या १८३३च्या आहारनियमानुसार चहा, कॉफी, मद्य आणि तंबाखू वर्ज्य आहेत. महाराष्ट्रात घरोघरी चहा नाकारताना त्यांची अधिक पंचाईत झाली असती. या पंथाचे मिशनरी महाराष्ट्राला अगदीच अपरिचित नाहीत. १८५०च्या दशकाच्या आरंभी ह्यू फिंडले याने मुंबईत आणि नंतर पुण्याच्या लष्करी वस्तीत या पंथाचा प्रचार केला होता, त्याला यश बेताचेच आले. त्याच्याही आधी, या पंथाच्या स्थापनेपूर्वीच, १८१३ मध्ये मुंबईत आलेला अमेरिकन मिशनचा गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला पटकीने दगावला तेव्हा त्याचे वय अवघे एकेचाळीस होते. ते मिशनरी तारुण्यात आले आणि परतीची तारीख ठरवून आले नाहीत. आजचे दांपत्य उमेदीची वर्षे नोकरी-संसाराला देऊन, परतीच्या प्रवासाचा महिना ठरवूनच येते.

त्यागाचे स्वरूपही त्यामुळे बदलले आहे. पटकीची जागा नातवंडांनी घेतली आहे. रविवारी रात्री नऊच्या सुमारास, युटात दुपार असताना, पत्नी टॅब्लेट डब्याला टेकवून ठेवते आणि पडद्यावर एकामागून एक चेहरे येऊ लागतात. मधली एक नात तिच्या गैरहजेरीतच चालायला लागली. पुण्या-ठाण्यातील आजी-आजोबा न्यू जर्सीला जातात ते नातवंडांसाठी, बहुधा सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी. हे आजी-आजोबा नातवंडांना मागे टाकून परदेशी जातात. वानप्रस्थाची आठवण येथे सहज व्हावी, पण ती फार ताणता येत नाही, कारण वानप्रस्थात संसाराच्या कटकटीतून सुटका अभिप्रेत आहे आणि येथे तर दुसऱ्यांच्या चार पोरांचा संसार अंगावर घेतलेला आहे.

राहतो पैशाचा प्रश्न, आणि तो टाळून या कामाचे मूल्यमापन करता येत नाही. २०११ मध्ये चर्चने जोडप्यांच्या घरभाड्यावर दरमहा १,४०० डॉलरची कमाल मर्यादा घातली आणि वरचा भार स्वतः उचलला. तरीही १,४०० डॉलरपर्यंतचे भाडे, जेवणखाण आणि औषधोपचाराची तजवीज जोडप्याच्या खिशातून होते. दुसरीकडे, चर्चच्या गुंतवणुकी सांभाळणाऱ्या एन्साइन पीक ॲडव्हायझर्स या संस्थेकडील शेअर बाजारातील गुंतवणूक २०१८ पर्यंत सुमारे ३२ अब्ज डॉलरवर गेली होती, आणि ती वेगवेगळ्या नामधारी कंपन्यांआड झाकल्याबद्दल अमेरिकेच्या रोखे नियामकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये या संस्थेला आणि चर्चला मिळून ५० लाख डॉलर दंड केला. पदरमोडीमुळेच सेवेला अर्थ येतो, पगार घेतला तर ती नोकरी होईल, असे त्या पतीचे म्हणणे आहे आणि त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

शंका व्यवस्थेविषयी आहे. खर्च ज्याचा त्याने करावा हा नियम सर्वांना सारखा दिसतो, पण केप कोस्टच्या निवृत्त शिक्षक-दांपत्याला स्वतःच्या पेन्शनवर युटात अठरा महिने राहणे परवडणारे नाही, आणि म्हणून अक्रात अमेरिकी आजी घानाच्या मुलांच्या मच्छरदाण्या शिवताना दिसते, तर सॉल्ट लेक सिटीत घानाची आजी अमेरिकी मुलांचा फ्रिज तपासताना दिसणे दुरापास्त ठरते. तेव्हा ज्या चर्चकडे एवढा निधी आहे, त्या चर्चने निदान गरीब देशांतील ज्येष्ठ जोडप्यांचे घरभाडे पूर्णपणे उचलावे.