वळिवड्याच्या बराकी

फौजेंत गेलेल्या माणसाच्या पत्राची वाट पाहणें चंदगड तालुक्यांतील घरांस नवें नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत, कोल्हापूरजवळ वळिवडे येथें, परदेशच्या आयाबहिणींनींही एकदां अशीच वाट पाहिली. ती हकीकत आम्ही येथें सांगतों.

१९४० सालीं सोव्हिएत सत्तेनें पूर्व पोलंडांतील असंख्य कुटुंबें सैबेरियाकडे हद्दपार केलीं. थंडी व उपासमार यांनीं अनेकांचे बळी घेतले. वांचलेल्यांपैकीं सुमारें ५,००० जण, बहुतेक स्त्रिया व मुलें, १९४३ पासून वळिवड्याच्या बराकींत राहिले. कित्येकींचे पति व भाऊ पोलिश सैन्यांत होते. १९४४ सालीं तें सैन्य इटलींत लढलें. मराठा पलटणीही त्याच देशांत लढत होत्या.

ह्या लोकांनीं तेथें शाळा, प्रार्थनामंदिर, दवाखाना व नाट्यगृह चालविलें. मुलांस शाळेस धाडावयाचें म्हणून आईस पहांटे उठावेंच लागे. दुःख सरलें नाहीं. परंतु हातांस काम मिळालें.

१९४५ सालीं युद्ध संपलें, तरी त्यांचा मुलूख सोव्हिएत राज्यांत गेल्यामुळें बहुतेकांस घरीं परततां आलें नाहीं. १९४८ पर्यंत ते देशोदेशीं पांगले. एक तरुणी मात्र कोल्हापूरच्या तरुणाशीं विवाह करून येथेंच राहिली.

पुढें फाळणीनें निर्वासित झालेलीं सिंधी कुटुंबें त्याच बराकींत आलीं. आजची गांधीनगरची कापडपेठ त्यांच्याच कष्टांची.

विद्यार्थी मित्रहो, गेलेलें माणूस परत येत नाहीं. तरीही उरलेल्यांसाठीं चूल पेटवावी लागते. मोडलेला संसार तेथूनच पुन्हां उभा राहतो, असें आम्हांस वाटतें.