मंद वाऱ्याची फळी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पतंग म्हटला की आपल्याला संक्रांत आठवते, मांजा आठवतो, गच्चीवरचा आरडाओरडा आठवतो. आज मी ज्या पतंगाविषयी बोलणार आहे, तो मात्र आपण उडवत नाही. तोच आपल्याला ओढून नेतो. कमरेला पट्टा, त्या पट्ट्याला वीस-बावीस मीटर लांबीच्या दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला खोलीएवढा पतंग आणि पायाखाली एक फळी. ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या दोन फ्रेंच भावांनी 1984 साली पाण्यात पडला तरी पुन्हा उचलता येईल अशा, हवा भरलेल्या पतंगाचे पेटंट घेतले आणि तिथून हा खेळ रुजत गेला. इंग्रजीत त्याला काइटबोर्डिंग म्हणतात. आमच्या गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर तो खेळला जातो आणि चाळिशी उलटल्यावर मीही तिथेच तो शिकलो.

मी व्यवसायाने भूगोलाचा शिक्षक. खारे वारे आणि मतलई वारे हा धडा मी कित्येक वर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवला. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा तिची जागा घ्यायला येते, तो खारा वारा. रात्री उलट घडते, तो मतलई. पण हा धडा मला खऱ्या अर्थाने समजला तो 2019 च्या मार्चमध्ये, समुद्रात गटांगळ्या खाताना.

झाले ते असे. मोरजीला फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुपारी वायव्येकडून खारा वारा येतो. तो बहुधा दहा ते चौदा नॉटांचा असतो. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, म्हणजे सुमारे 1.85 किलोमीटर. या खेळाच्या हिशेबात हा वारा मंदच. माझे वजन 78 किलो. माझ्याजवळ 138 सेंटिमीटर लांब आणि 41 सेंटिमीटर रुंद अशी नेहमीची फळी होती. बारा नॉटांना ती कशीबशी चाले, दहाला बुडे. एका विक्रेत्याने सल्ला दिला, ‘‘सर, पतंग मोठा घ्या.’’ मी साठवलेले पैसे काढले आणि 17 चौरस मीटरचा पतंग घेतला. फळी तीच ठेवली.

त्या दिवशी चारच्या सुमारास वारा छान होता. पावणेपाचला तो पडू लागला. पतंग होता मोठा आणि जड. तो सावकाश वळायचा. फळी पाण्यावर येईना, ती पाणी ढकलत राहिली. वाऱ्याच्या दिशेला चढून परत येण्याऐवजी मी आग्नेयेकडे घसरत गेलो. मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा नदीचे मुख आहे. ओहोटी लागलेली होती आणि नदीचे पाणी समुद्राकडे धावत होते. तेवढ्यात पतंग पाण्यात पडला. उचलायला वारा पुरेना. मी पतंगासकट बाहेर वाहत चाललो. मासेमारीच्या एका होडीतल्या दोघांनी मला पाहिले, म्हणून आज हे सांगायला मी आहे.

किनाऱ्यावर आमच्या वाड्यावरचे एक वृद्ध रापणकार उभे होते. त्यांनी माझ्याकडे, मग त्या पतंगाकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘पतंग व्हड केलो म्हूण वारो व्हड जायना, मास्तर. आदीं होडयेचो तळ पळयात.’’ पतंग मोठा केला म्हणून वारा मोठा होत नाही, आधी होडीचा तळ पाहा! मंद वाऱ्याचे सगळे गणित त्या दोन वाक्यांत आले.

आता ते गणित थोडे उलगडून पाहू. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वारा बारावरून आठ नॉटांवर आला, तर वेग एक तृतीयांशाने घटतो, पण ओढ निम्म्याहूनही कमी होते. पतंगाच्या आकाराचा एक ढोबळ आडाखा आहे. किलोतल्या वजनाला 2.2 ने गुणायचे आणि नॉटांतल्या वाऱ्याने भागायचे. माझ्या वजनाला बारा नॉटांना 14 चौरस मीटर, दहाला 17 आणि आठला 21 चौरस मीटर असे उत्तर येते. म्हणजे वारा चार नॉट पडला की पतंग दीडपट हवा. एवढे मोठे पतंग जड होतात, वळायला मंद होतात आणि झुळूक थांबली की आधी तेच खाली येतात. पतंग वाढवत नेण्याला अशी मर्यादा आहे.

फळीचे तसे नाही. चपटी खापरी पाण्यावर तिरकी भिरकावली की टप्पे खात जाते, पण गोल गोटा बुडतो. आपली फळीसुद्धा आधी पाण्यात रुतलेली असते आणि पुरेसा वेग आला की पाण्यावर चढून घसरू लागते. रुतलेली असताना ती फार ओढ मागते, घसरू लागल्यावर पुष्कळ कमी. शिवाय आपण वेगात आलो की पतंगाला आपल्या चालीचाही वारा मिळतो. म्हणजे अडचण आहे ती पाण्यावर चढण्याच्या त्या पहिल्या काही क्षणांची. जी फळी कमी वेगात पाण्यावर चढते, ती मंद वाऱ्याची फळी.

ती ओळखायची कशी? सर्वांत आधी क्षेत्रफळ पाहावे. 138 गुणिले 41 आणि 160 गुणिले 45 असे दोन्ही आकडे मांडून पाहा. दुसरी फळी सव्वापटीहून थोडी जास्त भरते. यातही लांबीपेक्षा रुंदीला अधिक महत्त्व द्यावे. साठ किलोच्या माणसाला साधारण 145 ते 150 सेंटिमीटर लांब आणि 43-44 रुंद फळी पुरते. पंचाहत्तर ते पंच्याऐंशी किलोला 160 च्या आसपास लांबी आणि 45 रुंदी लागते. नव्वदच्या पुढे 165 आणि 46-47 पाहावे.

दुसरी गोष्ट म्हणजे तळाचा बाक. याला रॉकर म्हणतात. खालची फिन काढून फळी सपाट फरशीवर ठेवा आणि टोके किती उचललेली दिसतात ते पाहा. टोके फार वर असतील तर ती फळी लाटांवर मऊ चालते, पण पाणी पुढे ढकलते. मंद वाऱ्याला तळ जवळजवळ सपाट हवा. अशी फळी लाटांवर गुडघ्यांना हादरे देते, ते मात्र सोसावे लागतात.

तिसरी गोष्ट टोकांची. गोल, निमुळत्या टोकांपेक्षा चौकोनी टोके बरी. त्यामुळे कडेचा लांब भाग पाण्याला धरून राहतो आणि वाऱ्याच्या दिशेला चढता येते. मंद वाऱ्यात नुसते उभे राहता येणे पुरेसे नाही. निघालो तिथे परत येता आले पाहिजे. त्याचसाठी फिनही थोड्या मोठ्या, पाच सेंटिमीटरच्या आसपास घ्याव्यात.

या फळीचा दोषही सांगितला पाहिजे. वारा अठरा-वीस नॉटांवर गेला की ती रुंद फळी पायाखाली थडथडते आणि कड दाबून धरवत नाही. म्हणून ती दुसरी फळी म्हणून घ्यावी. पहिली टाकून देऊ नये.

कोणी विचारेल, मग फॉइल का नको? खाली लांब दांडा आणि त्याला पाण्यात चालणारे पंख असलेली ही फळी पाण्याच्या वर उचलली जाते. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मार्सेलच्या समुद्रात पतंगाच्या शर्यती पहिल्यांदा झाल्या, त्या सगळ्या फॉइलवरच. ब्रिटनची एली ऑल्ड्रिज आणि ऑस्ट्रियाचा वालेंटिन बोन्टुस यांनी तिथे सुवर्णपदके जिंकली. कमी वाऱ्यात फॉइलला तोड नाही, हे खरेच. पण तिचा दांडा सुमारे मीटरभर असतो. आमच्याकडे वाळूचे बांध आहेत, ओहोटीला पाणी कमरेएवढे होते, मध्ये जाळी असतात. शिवाय ती शिकायला नव्याने पडावे लागते, आणि पंखाची धार लागते. खोल, मोकळे पाणी जवळ असेल आणि हातात दोन मोसम असतील तर जरूर घ्या. उथळ किनाऱ्यावरच्या नवख्याने रुंद फळीपासून सुरुवात करावी.

मी पुढच्या मोसमात तसेच केले. एका मित्राची 160 ची फळी एक दुपार उसनी घेतली आणि पतंग 14 चा लावला. ज्या वाऱ्यात सतराच्या पतंगाने मी घसरत गेलो होतो, त्याच वाऱ्यात चौदाच्या पतंगाने निघालो तिथेच परत आलो. तो मोठा पतंग नंतर कमी पैशांत विकून टाकला.

फळी कितीही चांगली असली तरी ती वारा निर्माण करत नाही. म्हणून मी काही नियम पाळतो. समुद्रावर तुरळक का होईना, लाटांची पांढरी टोके दिसली पाहिजेत; ती नसतील तर वारा आठ नॉटांच्या खाली आहे असे समजून मी बसून राहतो. नदीच्या मुखापासून लांब, वरच्या बाजूला उतरतो. तेंबवाड्याकडे सागरी कासवांची अंडी घालण्याची जागा आहे, तिकडे तर पाऊलही टाकत नाही. भरती-ओहोटीची वेळ आधी पाहतो. आणि खारा वारा सूर्याबरोबर मावळतो हे मुलांना शिकवलेले स्वतः लक्षात ठेवून, वारा उतरू लागल्याची पहिली चाहूल लागताच किनारा गाठतो.

तुमच्यापैकी कोणी यंदा फळी घ्यायला निघाला असेल, तर पैसे देण्याआधी आपल्याच किनाऱ्यावर, आपल्याच वाऱ्यात एक दुपार ती उसनी वापरून पाहा. निघालात तिथेच परत आलात, तर ती तुमची फळी.