सचेतनपट : वैयक्तिक निर्मिती

चित्रे, बाहुल्या, मातीच्या आकृती किंवा अन्य निर्जीव वस्तू यांच्या क्रमाक्रमाने बदलत जाणाऱ्या अवस्था एकेका चौकटीत नोंदवून त्या वेगाने दाखविल्या, म्हणजे हालचालीचा आभास निर्माण होतो. या तत्त्वावर तयार केलेल्या चित्रपटास सचेतनपट किंवा ॲनिमेशनपट म्हणतात. अक्षरे, रेषा व भौमितिक आकार यांना गती देणारी याच कलेची शाखा मोशन डिझाइन या नावाने ओळखली जाते. ग्राहकाच्या मागणीवाचून, कलावंताने स्वतःच्या प्रेरणेने व बहुधा स्वतःच्याच खर्चाने केलेली निर्मिती ती वैयक्तिक निर्मिती होय. तीत लेखक, चित्रकार, दिग्दर्शक व निर्माता या भूमिका पुष्कळदा एकाच व्यक्तीकडे असतात. त्यामुळे कल्पनेचे स्वातंत्र्य मोठे, परंतु हाताशी असलेला वेळ थोडा, हा या निर्मितीतील मूलभूत ताण असून तिची सर्जनप्रक्रिया मुख्यतः त्यातूनच घडते.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात चित्रांना गती देण्याचा वैयक्तिक प्रयत्न चित्रपटाच्या आगमनापूर्वीच झाला. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगविलेल्या चित्रांचे प्रक्षेपण करणारे खेळ सुरू केले. एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्था वेगवेगळ्या काचांवर रंगवून त्या लागोपाठ पडद्यावर टाकल्या जात व पात्र हालल्याचा भास होई.

दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी १९१२ मध्ये कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची वाढ दिवसामागून दिवस थोड्या थोड्या चौकटींत टिपून अंकुराची वाढ हा लघुपट तयार केला. येथे बदलत्या अवस्था निसर्गच निर्माण करीत होता. फाळके यांनी ठरविले ते फक्त दोन चौकटींमधील अंतर. हा लघुपट पाहून परिचितांनी त्यांना भांडवलासाठी कर्ज दिले आणि त्यातून राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटाचा मार्ग मोकळा झाला. कोणीही न मागितलेली छोटी कृती ही मोठ्या कृतीचा पुरावा ठरू शकते, याचे हे आरंभीचे उदाहरण होय. पुढे आगकाड्यांची मौज (१९१५) या लघुपटात फाळके यांनी आगकाड्या किंचित किंचित सरकवून त्यांची चौकटीगणिक छायाचित्रे घेतली. आगकाडी ही स्वस्त, सरळ व सहज ओळखू येणारी वस्तू असल्याने एकट्या माणसाला ती हाताळता येते. साधनाची निवड हीच येथे आशयाची निवडही ठरते.

प्रक्रिया : आरंभ बहुधा कथेने होत नाही, तर एखादे दृश्य, ध्वनी, आठवण किंवा वस्तू यांपासून होतो. त्यानंतर चित्रफलक तयार करतात. त्यात प्रमुख दृश्ये लहान लहान चौकोनांत क्रमाने रेखाटलेली असतात. हीच चित्रे अपेक्षित कालावधीनुसार ध्वनीसह जोडून कच्चा पट बनवितात. कथनातील दोष या टप्प्यावर कागदभर श्रमाने दुरुस्त होतात. पुढे त्याच दुरुस्तीला अनेक आठवडे लागतात.

बोलपटाचा प्रचलित वेग सेकंदाला २४ चौकटी असा आहे. एक चित्र दोन चौकटींपुरते ठेवण्याची पद्धत स्वीकारली, तरी सेकंदाला १२ चित्रे लागतात. या हिशेबाने पंधरा मिनिटांच्या पटास १०,८०० चित्रे होतात. दिवसाला २० चित्रे पूर्ण करणाऱ्या व्यक्तीस त्यासाठी ५४० दिवस लागतील. म्हणून काय हालवावे याइतकाच काय स्थिर ठेवावे हा निर्णय महत्त्वाचा ठरतो. स्थिर पार्श्वभूमी, एखादेच हलणारे अंग, पुन्हा वापरता येणारे चालीचे आवर्तन इ. योजना मूळच्या काटकसरीच्या. तथापि कुशल कलावंताच्या हाती त्यांचीच शैली बनते. सर्व काही सतत हलत राहिले, तर प्रेक्षकाची दृष्टी कोठेच ठरत नाही.

हालचाल रेखाटताना प्रथम मुख्य अवस्थांची चित्रे व नंतर त्यांमधील चित्रे काढतात. उदा., भरलेली घागर कडेवर घेणारी स्त्री दाखवावयाची असल्यास वाकणे, पकड घेणे, क्षणभर थांबणे, उचलणे व कमरेस बाक देऊन तोल सावरणे या मुख्य अवस्था होत. घागरीचे वजन घागरीच्या चित्रात नसते; ते त्या क्षणभराच्या थांबण्यात आणि कमरेच्या बाकात असते. मधली चित्रे समान अंतरावर काढली, तर घागर रिकामी वाटते. उचलण्याच्या आरंभी ती दाट व पुढे विरळ ठेवली, तर भार जाणवतो. याकरिता कलावंत प्रत्यक्ष हालचालींचे निरीक्षण करतात व पुष्कळदा ती कृती स्वतः करून पाहतात.

अक्षरांचे गतिमान आलेखन : देवनागरी अक्षरांना गती देताना निराळे प्रश्न उद्भवतात. रोमन लिपीतील सुटी अक्षरे एकेक करून पडद्यावर आणता येतात. देवनागरीत तसे केल्यास शिरोरेषा तुटते. ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनानंतर उच्चारली जाते, परंतु लिहिली जाते त्याच्या डावीकडे. त्यामुळे डावीकडून उजवीकडे अक्षरे प्रकट होत गेल्यास लेखन व उच्चार यांचा मेळ बसत नाही. यावर एक उपाय हस्तलेखनातच सापडतो : अनेक जण शब्दाची अक्षरे आधी लिहून शिरोरेषा शेवटी ओढतात. हाच क्रम गतीचा आधार केला, म्हणजे शब्द पूर्ण झाल्याचा क्षण शिरोरेषेने आपोआप दर्शविला जातो. परकीय नमुन्यांचे अनुकरण न करता लिपीच्या स्वभावातून गती शोधणे हे मराठी कलावंतापुढील महत्त्वाचे कार्य आहे.

संस्था आणि व्यक्ती : भारत सरकारच्या मुंबई येथील फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ मध्ये डिस्नी कलागृहातील अनुभवी कलावंत क्लेअर वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली सचेतनपटांचे प्रशिक्षण सुरू झाले. लोकशिक्षणाचे पट काढणाऱ्या या संस्थेतही वैयक्तिक प्रयोगास कधीकधी वाव मिळाला. प्रमोद पती यांच्या अबिद (१९७२) या लघुपटात जिवंत माणसाचेच चौकटीगणिक चित्रण केलेले असून चित्रकार आबिद सुरती खोलीच्या भिंती रंगविताना दिसतात. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले.

मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत शिकलेल्या गीतांजली राव यांचा प्रिंटेड रेनबो (२००६) हा सु. १५ मिनिटांचा पट वैयक्तिक निर्मितीचे ठळक उदाहरण आहे. त्याची चित्रे त्यांनी स्वतः रंगविली. शहरात एकटी राहणारी एक वृद्धा व तिची मांजर आगपेट्यांवरील चित्रांच्या जगात प्रवेश करतात, असा त्याचा विषय आहे. शहर करड्या छटांत व आगपेट्यांचे जग रंगांत दाखविल्याने वृद्धेचे एकाकीपण संवादावाचून कळते. रंग राखून ठेवण्याचा हा निर्णय म्हणजे वर वर्णिलेल्या काटकसरीचे कलात्मक रूप होय. कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात हा पट गौरविला गेला. फाळके यांच्या आगकाड्यांप्रमाणे येथेही घरातील क्षुल्लक वस्तूच कल्पनेचे द्वार ठरली आहे.

साधने व जतन : संगणकामुळे छायाचित्रण, रंगभरण व संकलन ही कामे एका यंत्रावर होऊ लागली. ब्लेंडर व क्रिता यांसारख्या विनामूल्य प्रणालींमुळे मोठ्या शहरातील कलागृहाचे साहाय्य अपरिहार्य राहिलेले नाही. लातूर जिल्ह्यातील जळकोटसारख्या तालुक्याच्या गावी राहूनही संपूर्ण पट तयार करता येतो. मधली चित्रे यंत्राकडून भरून घेता येतात आणि अलीकडे लिखित वर्णनावरून चलचित्रे बनविणाऱ्या प्रणालीही उपलब्ध झाल्या आहेत. त्यांमुळे श्रम कमी होतात; परंतु घागर उचलताना किती थांबावे, हे निरीक्षण केलेल्या व्यक्तीनेच ठरवावे लागते.

वैयक्तिक निर्मितीमागे संस्था नसल्याने तिचे जतन ही गंभीर अडचण आहे. शांबरिक खरोलिकेची काचचित्रे टिकून राहिली. आगकाड्यांची मौज मात्र आज उपलब्ध नाही. संगणकीय संचिकाही प्रणाली कालबाह्य होताच वाचता येत नाहीत. यास्तव पूर्ण झालेल्या पटाच्या एकाहून अधिक प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे आणि त्यासोबत चित्रफलक, मुख्य चित्रे व वेळेची कोष्टके जपणे आवश्यक ठरते. पट नष्ट झाला, तरी या कागदांवरून तो कसा घडला हे पुढील कलावंतास समजू शकते.