शिसवाची गिटार आणि परवाना

‘ड्रेडनॉट’ ही मोठ्या पेटीची गिटार. नाव ब्रिटिश युद्धनौकेचे. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने ती १९१६ साली प्रथम बनविली. वरची फळी बहुधा स्प्रूसची. हे लाकूड हलके पण ताठ, म्हणून तार छेडताच कंप पावते. आमच्या मते खरा आवाज तिचाच. बाजू व पाठ महॉगनीची असल्यास स्वर कोरडा, नेमका. शिसवाची असल्यास खर्ज भरदार, आस लांब. ब्राझीलचे शिसव दुर्मिळ झाल्यावर १९६९ पासून मार्टिनने भारतीय शिसव घेतले. व्यापारी बांधवांनी मात्र ध्यानात ठेवावे, २०१७ पासून आपले शिसवही ‘साइट्स’ कराराच्या यादीत आहे. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, फळ्यांना नाही. फळ्या पाठवायच्या तर आधी परवाना हाती घ्यावा, मगच सौदा पक्का करावा.