'अमेरिकन सायको २': वेगळ्याच सिनेमाला सिक्वेलचं नाव कसं लागलं?

सूट-टाय, चेहऱ्यावर थंड हसू आणि कानाला हेडफोन लावून ऑफिसात चालणारा माणूस. 'सिग्मा मेल'च्या रील्समध्ये तुम्ही त्याला शंभरदा पाहिलं असेल. तो म्हणजे २००० साली आलेल्या 'अमेरिकन सायको'मधला पॅट्रिक बेटमन. ही भूमिका क्रिश्चियन बेलने केली होती.

या सिनेमाचा दुसरा भागही आहे, हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. २००२ साली आलेला हा दुसरा भाग थिएटरमध्ये न लागता थेट घरगुती व्हिडिओवर, म्हणजे डीव्हीडी आणि कॅसेटवर आला. त्यात बेल नाही, पहिल्या भागाची दिग्दर्शिका मेरी हॅरन नाही. आणि गंमत म्हणजे, लिहिला गेला तेव्हा हा सिक्वेल नव्हताच.

मग झालं काय?

मुळात ही एक स्वतंत्र थ्रिलर होती. नाव होतं 'द गर्ल हू वुडन्ट डाय'. पहिल्या सिनेमाशी तिचा काहीही संबंध नव्हता. गोष्ट आहे रेचल नावाच्या मुलीची. ती गुन्हेगारशास्त्र शिकते आणि तिला एफबीआयमध्ये जायचंय. त्यासाठी तिला एका प्राध्यापकाची असिस्टंट व्हायचंय, म्हणून स्पर्धेत असलेल्या विद्यार्थ्यांचा ती एकेक करून काटा काढते. रेचल झाली होती मिला कुनिस, तर प्राध्यापक होते 'स्टार ट्रेक'वाले विल्यम शॅटनर.

काम सुरू झाल्यानंतर पटकथेत बेटमनचा धागा घुसवण्यात आला. तो असा: रेचल लहान असताना बेटमनने तिला सांभाळणाऱ्या मुलीचा खून केला आणि छोट्या रेचलने बेटमनलाच मारलं. सुरुवातीचा हा प्रसंग आणि काही उल्लेख सोडले, तर बाकी गोष्ट तशीच राहिली. झाला सिक्वेल तयार!

दिग्दर्शकाच्या नावातही एक गंमत आहे. यादीत मॉर्गन जे. फ्रीमन असं नाव दिसतं. पण ते 'शॉशँक रिडेम्पशन'वाले अभिनेते मॉर्गन फ्रीमन नाहीत, ही वेगळी व्यक्ती आहे.

एवढा खटाटोप कशासाठी?

पहिला 'अमेरिकन सायको' सुमारे ७० लाख डॉलरमध्ये बनला होता आणि जगभरात त्याने जवळपास ३.४ कोटी डॉलर कमावले होते. म्हणजे लोकांना नाव माहीत होतं. थिएटरमध्ये सिनेमा लावायचा तर प्रिंट आणि जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतावा लागतो. थेट व्हिडिओवर आणला तर हा बहुतेक खर्च वाचतो. पण मग अनोळखी सिनेमा लोकांना कळणार कसा? उत्तर सोपं आहे: ओळखीच्या नावाने.

त्या काळातलं दुकान डोळ्यांसमोर आणा. व्हीएचएसच्या जमान्यात एक कॅसेट भाड्याच्या दुकानाला अनेकदा ८० ते १०० डॉलरला पडायची. ती घेताना दुकानदार दहादा विचार करायचा. १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी आली आणि साधारण २० डॉलरच्या आसपास थेट ग्राहकालाच विकली जाऊ लागली. किराणा घ्यायला आलेला माणूस रॅकवर ओळखीचं नाव बघून एक डीव्हीडी ट्रॉलीत टाकायचा. तो त्या कव्हरकडे काही सेकंदच बघणार. त्या काही सेकंदांत 'द गर्ल हू वुडन्ट डाय'पेक्षा 'अमेरिकन सायको २' हे नाव कितीतरी जास्त काम करतं.

असं एकदाच झालं का?

नाही. निकोलस केजचा '८एमएम' १९९९ साली आला होता. २००५ मध्ये '८एमएम २' डीव्हीडीवर आला. त्यात केज नाही आणि पहिल्या भागातलं एकही पात्र नाही. कारण तोही वेगळा सिनेमा होता. त्याचं मूळ नाव 'द व्हेल्व्हेट साइड ऑफ हेल'.

आपल्याकडेही 'मर्डर' (२००४) आणि 'मर्डर २' (२०११) यांच्या कथांचा एकमेकांशी संबंध नाही. पण तो सिनेमा थिएटरमध्ये आला होता. शुक्रवारी परीक्षणं यायची, मित्र सांगायचे, मग आपण तिकीट काढायचो. थेट व्हिडिओवर आलेल्या सिनेमाला हे गाळणंच नसायचं. आधी पैसे, मग पश्चात्ताप.

यात नुकसान कुणाचं?

प्रेक्षकाचे पैसे जातात, हे उघड आहे. पण पहिल्या सिनेमाचंही नुकसान होतं. बेटमनने ते खून खरंच केले की सगळं त्याच्या डोक्यातच घडलं, हा पहिल्या भागाचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. त्यावर लोक आजही वाद घालतात. दुसऱ्या भागाने सुरुवातीच्या काही मिनिटांतच बेटमनला खुनी ठरवून मारून टाकलं. मूळ कादंबरीचे लेखक ब्रेट ईस्टन एलिस यांनी या सिनेमावर उघड टीका केली होती.

कलाकारांनाही नावं ठेवली जातात. मिला कुनिसने २००५ मध्ये या सिनेमाबद्दल जाहीरपणे लाज व्यक्त केली. काम केलं तेव्हा हा 'अमेरिकन सायको २' होणार हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं तिचं म्हणणं होतं. म्हणजे जी फसगत प्रेक्षकाची झाली, तीच नायिकेचीही.

आज याचं काय?

ब्लॉकबस्टर ही अमेरिकेतली व्हिडिओ दुकानांची बलाढ्य साखळी २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली. दुकानातला रॅक गेला आणि त्याची जागा ओटीटीच्या स्क्रीनने घेतली. तिथेही आपण पोस्टर काही सेकंदच बघतो. त्यामुळे नावाची जादू अजून चालतेच.

म्हणून थ्रिलरच्या नावापुढे '२' दिसला की प्ले दाबायच्या आधी तीन गोष्टी बघा. दिग्दर्शक किंवा लेखक तोच आहे का? मुख्य कलाकारांपैकी कुणी परत आलंय का? आणि सिनेमा थिएटरमध्ये लागला होता का? तिन्ही उत्तरं 'नाही' असतील, तर सिनेमा वाईटच असेल असं नाही. फक्त तो आधीच्या गोष्टीचा पुढचा भाग आहे, असं समजून रात्रीचे दोन तास त्याला देऊ नका.