बँक म्हणते, मुदत संपली!

पावसाळ्यातल्या रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर भाजलेलं कणीस घ्या नाहीतर कांदाभजी, पैसे देताना समोर क्यूआर कोडच येतो. दहा-वीस रुपयांचा व्यवहारही आता थेट खात्यातून होतो. पण त्या खात्यातून आणखी काय काय जातं, हे पासबुकात एंट्री मारून घेतल्याशिवाय कळत नाही. एसएमएसचे पैसे, डेबिट कार्डाचे पैसे, किमान शिल्लक नाही म्हणून दंड, मे महिन्याच्या अखेरीस विम्याचे ४३६ किंवा २० रुपये. खातं उघडताना कुणीतरी ‘इथे सही करा’ म्हणालेलं असतं. ज्याला शून्य शिल्लक खातं हवं होतं, त्याच्या गळ्यात शुल्काचं खातं पडतं. हे ध्यानात येईपर्यंत तीन-चार वर्षं उलटतात आणि शाखेत विचारलं की उत्तर येतं, “आता फार उशीर झाला.”

हे उत्तर ऐकून परत फिरू नका. मुदतीचे नियम आहेत आणि ते कडकही आहेत. पण मुदत संपली की नाही, हे ठरवण्याचा अधिकार काउंटरवरच्या माणसाचा नाही.

सतरा रुपये सत्तर पैसे

तारखेच्या एका रेघेने किती फरक पडतो, हे जनधन आणि तत्सम मूलभूत बचत खात्यांच्या प्रकरणात दिसलं. महिन्यात चारपेक्षा जास्त वेळा पैसे काढले किंवा दिले, तर पुढच्या प्रत्येक व्यवहाराला स्टेट बँक या खात्यांतून १७ रुपये ७० पैसे कापत होती. यूपीआय आणि रुपे कार्डाचे व्यवहारही त्यातून सुटले नाहीत. आयआयटी मुंबईतले प्राध्यापक आशिष दास यांनी हा हिशेब चिकाटीने मांडला. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने सर्व बँकांना सांगितलं, की १ जानेवारी २०२० पासून डिजिटल व्यवहारांवर घेतलेलं असं शुल्क परत करा. दास यांच्या अहवालानुसार एप्रिल २०१७ ते सप्टेंबर २०२० या काळात डिजिटल व्यवहारांवर २५४ कोटी रुपये जमा झाले होते. त्यातले ९० कोटी परत मिळाले, १६४ कोटी राहिले. शुल्क पूर्वसूचना देऊन घेतलं आणि सूचनेप्रमाणे परतावाही केला, अशी बँकेची बाजू होती.

शुल्क तेच, खातेदारही तेच. डिसेंबर २०१९ मध्ये कापलेले पैसे रेघेच्या पलीकडे राहिले, जानेवारी २०२० मधले परत आले. ज्याचे पैसे कापले गेले, त्याला यातला न्याय समजावून सांगणं कठीण आहे. म्हणूनच आपल्या तारखा आपण सांभाळायला हव्यात.

घड्याळ कधी सुरू होतं?

दिवाणी दाव्यांसाठी १९६३ चा मुदत कायदा सर्वसाधारणपणे तीन वर्षं देतो. त्याचं कलम १७ मात्र प्रत्येक खातेदाराने माहीत करून घ्यावं असं आहे. फसवणूक झाली असेल किंवा ती लपवली गेली असेल, तर मुदत फसवणूक उघड झाल्यापासून मोजली जाते. अट एवढीच, की वाजवी काळजी घेऊनही ती आधी कळण्यासारखी नव्हती. पाच वर्षं पासबुक उघडलंच नाही, एवढं कारण पुरणार नाही. चुकीची माहिती देऊन सही घेतली, हे दाखवता आलं पाहिजे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. उशिराचं पुरेसं कारण दिलं, तर आयोग ते लेखी नोंदवून विलंब माफ करू शकतो. या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. खडकवासल्याच्या माणसाला बँकेच्या मुख्यालयाच्या गावी जावं लागत नाही, पुण्याचा जिल्हा आयोग पुरतो.

आणखी एक गोष्ट. दरवर्षी नव्याने होणाऱ्या कपातीची तारीख दरवर्षी नवी असते. २०१८ ची कपात मुदतीबाहेर गेली, तरी गेल्या दोन वर्षांतल्या कपातींवर बोलता येतं. सगळंच जुनं झालं असं समजून गप्प बसणारा माणूस मिळण्यासारखे पैसेही सोडून देतो.

ब्रिटनमध्ये प्रवास विमा, मोबाइल विमा वगैरे जोडून महिन्याला शुल्क घेणारी खाती गळ्यात मारल्याच्या असंख्य तक्रारी झाल्या. तिथल्या लोकपालाचा नियम सुटसुटीत आहे: घटनेपासून सहा वर्षं किंवा आपल्यावर अन्याय झाला हे कळायला हवं होतं तेव्हापासून तीन वर्षं, यात जी मुदत नंतर संपेल ती. ‘कळण्या’ला इतकं स्पष्ट स्थान आपल्या बँक-तक्रारींच्या नियमांतही मिळायला हवं.

अर्जात काय लिहायचं?

पहिली पायरी बँकच. अर्ज साधा असावा: “माझ्या खात्यातून अमुक तारखेला अमुक रुपये कापले गेले. या सेवेला मी संमती दिलेली नाही. दिली असल्यास माझ्या सहीच्या अर्जाची प्रत द्यावी. ही कपात मला अमुक तारखेला प्रथम समजली.” शेवटचं वाक्य विसरू नका, मुदतीचा सगळा वाद त्यावरच उभा राहतो. किमान शिल्लकेचा दंड असेल, तर नोटिशीची प्रतही मागा. १ एप्रिल २०१५ पासून लागू असलेल्या नियमानुसार बँकेने आधी कळवून खातेदाराला शिल्लक भरायला महिनाभर द्यायचा असतो. केवळ दंडामुळे खातं उणे शिल्लकेत जाऊ देता येत नाही. बँकांना व्यवहारांच्या नोंदी किमान पाच वर्षं जपाव्या लागतात, तेव्हा ‘कागद सापडत नाही’ हे उत्तर सहज मान्य करू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं. १४४४८ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. २०२१ च्या लोकपाल योजनेत त्यासाठी एक वर्ष दिलं होतं. पण योजनेचे नियम बदलत असतात, म्हणून तीन महिन्यांच्या आतच तक्रार लावणं शहाणपणाचं. बँकेकडची मूळ तक्रारही मुदत कायद्याच्या आत झालेली लागते. पतसंस्थेची तक्रार मात्र लोकपालाकडे चालत नाही, ती सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे न्यावी लागते.

सगळ्यात घातक असतं ते तोंडी आश्वासन. “साहेब आले की बघतो” यात महिने जातात आणि मुदत थांबत नाही. नुसती स्मरणपत्रं पाठवत राहिल्यानेही ती वाढत नाही. म्हणून येत्या सोमवारी शाखेत जा, तीन वर्षांचं स्टेटमेंट घ्या, न समजलेल्या प्रत्येक कपातीखाली रेघ मारा आणि तारीख घालून अर्ज द्या. घरातल्या वडीलधाऱ्यांचं पासबुकही सोबत न्या. अशा कपाती बहुतेकदा त्यांच्याच खात्यात सापडतात आणि विचारायला शाखेत जाणं त्यांनाच सर्वांत जड जातं.