तर्जनीचे 14 टक्के

अंगठा गेला तर 30 टक्के. तर्जनी 14, मधले बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7. तर्जनीचे एकच पेर गेले तर 9. हाड शाबूत राहून नुसते टोक छाटले गेले तर 5. कमाईची ताकद किती घटली हे ठरवणारा हा तक्ता 1923 च्या भरपाई कायद्यातला. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो आला आहे.

फर्निचरच्या कारखान्यात हा तक्ता किती जवळ असतो, ते यंत्राकडे पाहिले की कळते. 12 इंची गोल करवत मिनिटाला 2,880 फेरे घेते, तेव्हा तिच्या दात्यांचा वेग ताशी 165 किलोमीटर भरतो. पाते 40 दात्यांचे असेल तर हात मागे घ्यायला लागणाऱ्या पाव सेकंदापेक्षाही कमी वेळात, 0.2 सेकंदात, 384 दाते बोटावरून जातात. गाठीत अडकून फळी उलटी उसळली की हात पात्याकडे ओढला जातो, सावध माणसाचाही. म्हणूनच पात्यावर गार्ड हवा, मागे चीर उघडी धरणारी पोलादी पट्टी हवी, आणि शेवटचा तुकडा ढकलायला हाताऐवजी काठी हवी. घाईच्या ऑर्डरीत सर्वांत आधी निघतो तो गार्ड.

आता रुपये. 30 वर्षांचा कारागीर, पगार 15,000. पगाराच्या 60 टक्के म्हणजे 9,000. त्याला वयाचा गुणक 207.98. पूर्ण अपंगत्वाची रक्कम होते 18,71,820. तर्जनीचे 14 टक्के 2,62,055, अंगठ्याचे 5,61,546. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाकडे. पण 3 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेनुसार पगार 15,000 पर्यंतच धरला जातो, त्यामुळे 25,000 मिळवणाऱ्या मिस्त्रीलाही तेवढेच. आणि हातात 15,000 देऊन वहीत 10,000 लिहिले असतील तर तर्जनी 1,74,703 वर येते. हे 87,000 रुपये यंत्राने नव्हे, वहीने कापलेले असतात.

‘आमच्याकडे चारच माणसे, कायदा लागत नाही’ हे मालकाचे ठरलेले वाक्य. ते खोटे आहे. कामगार विम्यासाठी साधारण 10 माणसे लागतात हे खरे. विमा असेल तर तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या सुमारे 90 टक्के भत्ता आणि कायमच्या अपंगत्वाला पेन्शन मिळते. मग भरपाईचा वेगळा दावा करता येत नाही. पण विमा नसेल तर भरपाई कायद्याला माणसांची संख्या लागत नाही; वस्तू बनवण्याच्या जागी विजेची मोटर चालते एवढे पुरते. कंत्राटदाराचा माणूस असला तरी काम देणारा मूळ मालक जबाबदार. ‘गार्ड तूच काढलास’ हा बचावही कामगाराने तो जाणूनबुजून काढला असे सिद्ध झाले तरच चालतो. मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आले तर मुळीच नाही.

तक्ता शेवटचा शब्द नव्हे, हे ठरले ते एका सुताराच्याच प्रकरणात. 1968 साली ओडिशातल्या जेयपूर इथे सिनेमागृहाची सजावट करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. तक्त्याप्रमाणे ते अंशतः अपंगत्व. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून भरपाई आयुक्तांनी ते पूर्ण धरले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी 1975 च्या डिसेंबरमध्ये ते मान्य केले. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालातले. रंधा धरणाऱ्याच्या अंगठ्याला 30 टक्के अपुरे वाटत असतील, तर डॉक्टरच्या दाखल्यानिशी हा निकाल पुढे ठेवायलाच हवा.

मालकाने महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज आणि 50 टक्क्यांपर्यंत दंड. दावा दोन वर्षांच्या आत. हक्क सोडल्याच्या कागदावर सही घेतली असेल तर तो करार कायद्याने रद्द. पगार फोनवर जमा होत असेल तर त्या नोंदी जपून ठेवाव्यात, आणि दवाखान्याच्या पहिल्या कागदावर ‘घरी लागले’ असे लिहू देऊ नये.